मुक्या आळीचं पाणी

एका शेताच्या बांधावर एक जांभळाचं झाड होतं आणि त्या झाडाच्या आत भलंमोठं गाव वसलं होतं. गावकरी म्हणजे पेशी. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, पण कामाला वाघ! एकसारखं काम करणाऱ्या पेशी एकाच आळीत राहत. सालीची आळी राखण करी, हिरवी आळी उन्हावर स्वयंपाक करी, पाण्याची आळी मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी पोचवी. अशा आळीलाच शाळेत ऊती म्हणतात. तुमच्या-आमच्या अंगातही अशाच आळ्या आहेत, स्नायूंची वेगळी, कातडीची वेगळी.

एका पानाला बारीक बारीक पुष्कळ दारं होती. त्यातल्या एका दारावर दोन पेशी, जुळ्या बहिणी, बसत. दार उघडून हवा आत घ्यायची, वाफ बाहेर सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण थोरली भारी संशयी. पाण्याच्या आळीतून कधी कुणी हूं की चूं करत नसे, हे तिच्या मनात सलत होतं. रोज हाक मारावी आणि समोरून उत्तर नाही, म्हणजे काय? त्यात चैत्रात पाणी जरा हळू यायला लागलं. झालं, बाईंना कारण मिळालं.

"ते लोक पाणी दाबून ठेवताहेत," ती धाकटीला म्हणाली. "दार लाव. आपला थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही."

धाकटीनं ऐकलं. कुजबुज पानभर पसरली आणि बघता बघता सगळी दारं लागली. मग तर पाणी यायचंच थांबलं. थोरलीला वाटलं, चोरी पकडली!

इकडे हवा मिळेना म्हणून हिरव्या आळीतल्या चुली विझल्या. पानाच्या बगलेत एक कोवळा कोंब होता. त्याचं पोट याच स्वयंपाकावर. तो मलूल होऊन मान टाकू लागला. दार उघडा म्हणून हिरव्या आळीनं विनवलं, तर थोरली म्हणे तुम्हीही त्यांना सामील! आता काय बोलावं हिला?

कोंबाची दशा बघून धाकटीला राहवेना. पाण्याच्या आळीशेजारी एक म्हातारी पेशी राहत होती. धाकटीनं थोरलीदेखत तिला निरोप धाडला, खरं काय ते सांग.

म्हातारी म्हणाली, "तिथं कुणी राहतच नाही, बायांनो. पाण्याला वाट व्हावी म्हणून तिथल्या पेशींनी मधल्या भिंती पाडल्या, आतलं सगळं रितं केलं, जीवसुद्धा दिला. आता नुसत्या नळ्या उभ्या आहेत. पाणी वर चढतं ते तुमच्या दारातून वाफ जाते त्या ओढीनं. ते थांबवलंत तुम्हीच."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं स्वतः दार उघडलं, तिच्या पाठोपाठ पानावरची सगळी दारं उघडली. पाणी आलं, चुली पेटल्या, पान टवटवीत झालं.

कोंब मात्र तोवर वाळून काळा पडला होता.

तात्पर्य काय, तर समोरचा गप्प आहे एवढ्यावरून त्याला चोर ठरवू नये. आपण दार लावून बसलो की उपाशी तिसराच मरतो.