खोक्यावर बसलेली कोंबडी

“ऊठ त्या खोक्यावरून. अंडी गार पडायला लागलीत तुझी,” म्हातारी रखमी कोंबडी पुन्हा ओरडली.

“नाही उठत, आजी. कधी फुटेल नेम नाही,” खुडूक बसलेली मंजुळी म्हणाली.

कोंबड्यांनाही माणसांसारखी नव्याची हाव सुटली होती, त्या काळातली ही गोष्ट. त्यांचं खुराडं मोबाइलच्या दुकानामागं होतं. दुकानात घडी घालून खिशात मावणारा टॅबलेट येणार होता. गिऱ्हाइकं रोज काचेला नाक लावून विचारायची, “आला का?” मालक म्हणायचा, “येतोय, येतोय.” नुसतं दाखवायला आणलेलं रिकामं खोकं त्यानं मागं फेकलं. मंजुळीला वाटलं, एवढी माणसं वाट बघतायत आणि उबवायला कुणीच कसं बसत नाही? मग तीच बसली.

“अगं, आत काही नाही. चोच घालून बघितलंय मी.”

“अंड्यात तरी बाहेरून काय दिसतं, आजी? यातून अख्खं जग निघणार आहे म्हणे. अंड्यातून काय, पिल्लूच.”

रखमीनं मग वाद घातला नाही. ती मंजुळीच्या अंड्यांवर जाऊन ऐसपैस बसली, पंख पसरले आणि सावकाश काहीतरी बोलली. ते ऐकताच मंजुळी अशी उडाली की खोकं उलटं होऊन गटारात पडलं.

म्हातारी एवढंच म्हणाली होती, “बस तू निवांत, ही पिल्लं बाहेर आल्यावर पहिली जी दिसेल तिलाच आई म्हणतील, आणि मी काही ती परत देणारी नाही.”