सेर्वांदाच्या घराला खांदा

भाविकहो, फिलिपिन्सच्या एका बेटावर, समुद्रापासून तासभर चालीच्या अंतरावर, मालिनावान नावाचं गाव आहे. तिथे लोलो अनाक्लेतो राहत होते. 'लोलो' म्हणजे आजोबा. आपण ज्यांना महाराज म्हटलं असतं, त्यांना ते लोक आजोबा म्हणत, आणि मला तर त्यातच जास्त गोडवा वाटतो. वसई सोडून मी त्या गावच्या कॉन्व्हेंटात चौदा वर्षं काढली. ही हकिकत माझ्या जाण्याच्या साठ वर्षं आधीची, पण तिथल्या बायका भात पाखडताना ती अशी सांगत की काल-परवाच घडली असावी. त्यांचं बोलणं मी आपल्या साध्या बोलीत सांगते, म्हणजे तुम्हाला ती माणसं परकी वाटायची नाहीत.

लोलो चर्चच्या भिंतीला टेकलेल्या एका खोपटात राहत. घंटा वाजवायची, अंगण झाडायचं आणि आजाऱ्यांच्या उशाशी बसायचं, एवढाच त्यांचा संसार. ते उशाशी बसले की ताप उतरतो, असं लोक म्हणत. लोलो मात्र म्हणत, "ताप उतरायचाच होता. मी फक्त सोबतीला बसलो."

या गावाची एक रीत होती. घरं बांबूची, लाकडी खांबांवर उभी, निपा नावाच्या झाडाच्या पानांनी शाकारलेली. जागा बदलायची झाली तर घर मोडायचं नाही. खांब जमिनीतून सोडवायचे, घराखाली लांब बांबू उभे-आडवे बांधायचे आणि वीस-पंचवीस जणांनी अख्खं घर खांद्यावर घेऊन चालू पडायचं! मजुरी कुणी मागायची नाही. घरवालीने सगळ्यांना जेवू घालायचं, बस्स. आता तिथे सिमेंटची घरं झाली. ती कोण उचलणार? मी परतले त्या वर्षी एक शेवटचं घर खांद्यावरून जाताना पाहिलं आणि रस्त्यातच रडले, हे कबूल करते.

तर त्या गावात सेर्वांदा नावाची विधवा होती. चटया विणून पोट भरायची. नवरा समुद्रात बुडाला होता. त्याने स्वतःच्या हाताने बांधलेलं घर आणि त्याची आंधळी आई तोमासा, एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. घर नदीच्या काठावर. त्या साली ऑगस्टच्या पावसाने नदी काठ खात खात पार उंबऱ्याशी आली. लोलोंनी चर्चच्या मागच्या उंचवट्यावर जागा मिळवून दिली, पण घर उचलायला माणूसच मिळेना.

का मिळेना? कारण सोळा तारखेला सान रोकेचं, म्हणजे गावच्या रक्षक संताचं फेस्त, वार्षिक सण होता. गावचा प्रमुख, कापितान बासिलियो, याने त्या साली संताच्या मूर्तीसाठी भारी लाकडाची नवी पालखी घडवून घेतली होती. चाळीस भोई नेमले आणि सगळ्यांकडून एक शपथ घेतली. सान रोकेला दिलेला खांदा मिरवणूक होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही ओझ्याखाली जायचा नाही! भक्ती होतीच त्याच्यात, नाही असं नाही. पण पालखीच्या पुढे आपण कसे दिसू, याची हौस भक्तीच्या वरताण होती.

फेस्ताच्या सकाळी सेर्वांदा भिजत चर्चच्या पायऱ्यांशी आली. कापितान छत्रीखाली उभा होता.

"कापितान, नदी उद्यापर्यंत थांबायची नाही. अर्ध्या तासाचं काम आहे हो. वीस माणसं द्या."

"आज?" कापितान हसला. "सान रोकेला ताटकळत ठेवून तुझी झोपडी उचलायची? उद्या म्हणशील, कोंबड्यांचं खुराडंही घ्या पालखीत!"

भोई हसले. काही जण मान खाली घालून हसले, पण हसले.

"तुझे लोलो आहेत ना मोठे सिद्धपुरुष? त्यांना सांग, हात फिरवतील नि घर उडत जाईल."

सेर्वांदाचा चेहरा पडला. लोलो घंटेचा दोर सोडून पायऱ्या उतरून आले. कापितानकडे न पाहता ते तिच्याकडे वळले.

"सेर्वांदा, घरी जा. शेजाऱ्यांकडून बांबू आण आणि घराखाली बांधून ठेव. वरच्या जागेवर चूल मांड. भात मोठ्या हंड्यात शिजव."

"किती जणांचा, लोलो?"

लोलो म्हणाले, "सगळ्यांचा."

ती बिचारी गेली. माणसं कुठून येणार, हेही विचारलं नाही. यालाच श्रद्धा म्हणायचं, दुसरं काय!

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली. चाळीस जण पालखीच्या दांड्यांखाली वाकले. "एक, दोन, तीन!" पालखी हलली नाही. पुन्हा जोर लावला. दांडे करकरले, माणसं घामाघूम झाली, पण पालखी तसूभर उठेना. आदल्या रात्री सजावट करताना याच माणसांनी ती सहज फिरवली होती.

"खाली दगड कुणी भरले?" कापितान ओरडला. पालखीवरची मखमल उचलून पाहिली. आत काही नव्हतं.

लोलो म्हणाले, "कापितान, ओझं पालखीत नाही."

"मग कुठे आहे?"

"नदीकाठी. ते उचलल्याशिवाय हे उठायचं नाही." मग ते भोयांकडे वळले. "पोरांनो, आपलं गाव पूर्वी समुद्रकाठी होतं. लुटारूंनी दोनदा जाळलं. उरलेली घरं खांद्यावर घेऊन तुमचे आजे-पणजे इथवर आले. सान रोके त्याच रांगेत होते, आणि त्यांच्या पुढेमागे गरिबांची घरं होती. तेव्हा शपथ कुणी घातली होती रे?"

मग एक भोई दांड्याखालून बाहेर आला. त्याच्यामागे दुसरा, आणि मग सगळेच पावसात धावत सुटले.

"शपथ मोडलीत!" असं ओरडत कापितान त्यांना परत आणायला मागोमाग निघाला.

काठाला भेग पडली होती. खांब सोडवून झाले, पण आंधळी तोमासा घरातून उतरेना. "माझ्या लेकाचं घर आहे. ते जाईल तिकडं मी बी जाईन!" वाद घालायला वेळ नव्हता. म्हातारीसकट घर उचललं. ती खिडकीत बसून वर हुकूम सोडत होती, "हळू रे! माझी मडकी फुटतील!"

दहा पावलं गेली असतील. नदीकडच्या मागच्या कोपऱ्यातला गडी चिखलात घसरून पडला. घर तिरकं झालं, सेर्वांदा किंचाळली. तेवढ्यात कुणा अनोळखी माणसाने त्या बांबूला खांदा दिला. अनवाणी, अंगावर फाटकी वस्त्रं, मांडीवर उघडी जखम. एक कुत्रं त्याच्या पायापायांत चालत होतं. त्याने वळून कापितानकडे पाहिलं.

"माझ्या मागे एक जागा आहे," तो म्हणाला.

पुढे आयुष्यभर कापितान सांगायचा, की आपण का गेलो ते आपल्याला आजही कळलेलं नाही. छत्री टाकून तो बांबूखाली शिरला. आणि काय आश्चर्य! खांद्यावर वजनच नव्हतं. घर नुसतं तरंगत चाललं होतं. उंचवट्यावर ते टेकलं, तेव्हा खाली मोठा आवाज झाला. घराची जुनी जागा अख्खी नदीत गेली होती.

कापितानने मागे-पुढे पाहिलं. तो माणूस नव्हता. कुत्रंही नव्हतं.

सगळे चर्चमध्ये परतले. सान रोकेची मूर्ती तुम्हीही पाहिली असेल, मांडीवर जखम आणि पायाशी कुत्रा. मूर्तीचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखले होते. कुत्र्याचे लाकडी पंजेही ओले होते. चाळीस जण वाकले आणि पालखी फुलासारखी वर आली!

मिरवणूक उंचवट्याशी, सेर्वांदाच्या घरापुढे पोचली तसा कापितान पालखीपुढून मागे आला आणि सर्वांसमक्ष लोलोंच्या पायांवर पडला.

"मी हसलो, लोलो. तिला हसलो, तुम्हाला हसलो."

लोलोंनी त्याला उठवलं. "मला कसला नमस्कार? मी घंटा वाजवणारा माणूस. आत जा."

तो आत गेला. म्हातारी तोमासा भिंतीला टेकून बसली होती. त्या लोकांत वडीलधाऱ्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावतात, तोच त्यांचा नमस्कार. कापितानने गुडघे टेकले आणि तिचा खरखरीत हात कपाळाला लावला.

"कोण रे?" म्हातारीने विचारलं.

त्याला हुद्दा सांगवेना. "मागच्या कोपऱ्यातला," तो म्हणाला.

"खांदा दिलास ना? मग जेवल्याशिवाय जायचं नाही. सेर्वांदा, ह्याला वाढ गं!"

ज्याच्यापुढे सारं गाव उभं राहायचं, तो कापितान बासिलियो चिखलाच्या पायांनी जमिनीवर बसला, आणि सेर्वांदाने त्याला इतरांसारखाच केळीच्या पानावर भात वाढला.