अध्यक्षांची पाटी आणि गाडीचा एसी

एका गावात एक अध्यक्ष राहत होते. गाव विदर्भातले, तेव्हा उन्हाचे वर्णन करण्यात शाई घालवत नाही. अध्यक्षांचे नाव शालिकराम कोहपरे. त्यांच्या गाडीच्या तोंडावर लाल पाटी होती. सुरुवातीला तिच्यावर एकच ओळ होती, ‘माजी सदस्य’. पुढे खाली ‘अध्यक्ष’ आले. यंदा ‘भावी आमदार’ही आले. ओळीगणिक पाटी वाढली आणि गाडीचा एसी मंदावत गेला.

अध्यक्षांनी आपल्याच कार्यकर्त्यांतल्या तीन जाणकारांना गाडी दाखवली. एकाने गॅस भरला. दुसऱ्याने काचांना जाड पडदे लावले. तिसऱ्याने कॉम्प्रेसरच बदलला. तिघांनीही पाटीची मात्र तारीफ केली.

अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यावे लागे. उन्हापासून जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते. मे महिन्यात एके दुपारी अर्ध्या वाटेवर एसी गरम वारा फेकू लागला. आई घामाने भिजली, तिला चक्कर आली. रस्त्याकडेला कादरभाईंचे गॅरेज दिसले, तिथे गाडी थांबली.

कादरभाईंनी गाडीला समोरून एकदाच पाहिले.

“साहेब, मशीन चांगली आहे. तिचं नाक दाबलंय.”

“म्हणजे?”

“एसी गारवा बनवत नाही, आतली गरमी बाहेर फेकतो. त्याची जाळी या पाटीमागे आहे. तिला वारा लागला तर तो फेकणार ना! माजी होता तोवर वारा जात होता. भावीनं पार बंद केला.”

“पाटी काढू? पुढच्या महिन्यात तिकीट वाटणार आहेत! लोक काय म्हणतील?”

मागच्या सीटवरून आईचा बारीक आवाज आला, “तिकिटाचं मंग पाय, बाप्पा. आधी मले दवाखान्यात जित्ती पोचव.”

अध्यक्षांनी पाना मागून घेतला. तापलेल्या लोखंडाने बोटे पोळली, तरी चारही बोल्ट त्यांनी स्वतः काढले. जाळीत चिखल आणि मेलेले किडे गच्च बसले होते. कादरभाईंनी पाण्याची हलकी धार सोडून ते धुतले. गाडी निघाली. दोन किलोमीटरवर गार वारा लागला तसा आईने पदर कानांवरून घेतला आणि ती शांत झोपली.

परतताना अध्यक्ष पुन्हा गॅरेजात उतरले.

“कादरभाई, आमच्या तीन जाणकारांनी गाडी पाहिली होती, त्यांनी हे का नाही सांगितलं?”

“ते तुमचे कार्यकर्ते, साहेब. मी नुसता मेकॅनिक.”

अध्यक्षांनी हात जोडले. या वेळी भाषण फार लांबले नाही. “माझी माय वाचली, भाऊ,” एवढेच ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाचे आभार माईकशिवाय मानले.

तात्पर्य: आपली वाट आपणच अडवली आहे, हे तोंडावर सांगणारा माणूस क्वचित भेटतो, तो भेटला तर रागावू नये, त्याचे उपकार मानावेत.