नुसती सुई बदलली

इचलकरंजीत डॉक्टर मिरजकरांचा दरारा मोठा. ॲलर्जीचं इंजेक्शन घ्यायला आलेल्यानं दंड पुढे करायचा, तोंड उघडायचं नाही.

एका सकाळी त्यांनी भूपालअण्णांना टोचलं, सिरिंजची नुसती सुई बदलली आणि तीच सिरिंज पुन्हा सगळ्यांसाठी एकच असलेल्या औषधाच्या बाटलीत खुपसली. पुढचा नंबर कमलाक्का हुपऱ्यांचा होता. त्यांनी दंड पदराखाली झाकून घेतला.

"डॉक्टर, सिरिंज नवी घ्या. बाटलीही नवी उघडा."

"सुई बदलली की! मला शिकवू नका."

"शिकवत नाही, विचारते. ह्या इंजेक्शनात असतं तरी काय?"

डॉक्टर खुलले. "ज्याची ॲलर्जी, तेच थोडं थोडं अंगात सोडायचं. हळूहळू शरीराला सवय होते."

"तेच म्हणते मी. मला ॲलर्जी धुळीची आहे, भूपालअण्णांची नाही. मग सिरिंजमध्ये राहिलेलं त्यांचं रक्त थोडं थोडं माझ्या अंगात कशाला सोडताय?"

बाकावरची माणसं खो खो हसली. अण्णाही हसले. डॉक्टरांनी सिरिंज आणि बाटली दोन्ही टाकून दिल्या.

ते पाहून अण्णांचं हसू मावळलं. बाहीचं बटण लावता लावता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माझ्या आधी कोण होतं हो?"