होळीत न जळलेली टोपली

फार पूर्वी एका गावाचा बाजार नदीच्या एका काठाला होता आणि शेतं दुसऱ्या काठाला. एका पुरात मधला लाकडी पूल वाहून गेला. दगडी पूल बांधावा, तर राजाची तिजोरी रिकामी.

तिथल्या एका मीठ-व्यापाऱ्याने तोड काढली. बाजारात येणाऱ्या प्रत्येक पोत्यामागे वेशीवरच्या टोपलीत एक पसा धान्य टाकायचं. पूल झाला की होळीत टोपली जाळायची आणि कर संपला. लोक कुरकुरले, तेव्हा व्यापारी म्हणाला, "राजाचं सोडा, माझा शब्द धरा." त्याच्या मापात कधी खोट निघाली नव्हती. लोकांनी पसा टाकला. हरभरे विकणाऱ्या एका म्हातारीने तर दोन टाकले. खरं सांगायचं तर, कर चांगलाच होता. कुणाला जड गेला नाही आणि फाल्गुनाआधी पूल उभा राहिला.

होळीच्या दिवशी राजाने व्यापाऱ्याला बोलावलं. "शेटजी, यंदा राहू द्या. घाटही बांधून घेऊ. पसाभर धान्याने कोण उपाशी मरतंय?"

व्यापाऱ्याला आपला शब्द आठवला. पण राजाशी वाकडं कोण घेणार? तो मान हलवून घरी आला. होळी पेटली, टोपली वेशीवरच राहिली.

पुढल्या वर्षी हत्तीशाळा निघाली, त्याच्या पुढल्या वर्षी राजकन्येचं लग्न. लोकही काही कमी नव्हते. कुणी दोन पोत्यांचं एक पोतं शिवलं, कुणी नदीच्या खालच्या अंगाच्या उथळ उतारावरून गाड्या दुसऱ्याच बाजाराला नेल्या. टोपलीचा तळ दिसू लागला.

तिसऱ्या पावसाळ्यात पुलाच्या कमानीला तडा गेला. महिनाभर सगळ्यांनी पसा दिला असता, तर गवंड्यांची मजुरी निघाली असती. व्यापारी तीच टोपली काखेत घेऊन दारोदार फिरला. फक्त महिनाभर, म्हणून विनवू लागला.

हरभरेवाली म्हातारी शांतपणे म्हणाली, "शेटजी, पसाभर हरभऱ्याचं काही नाही हो. तुमचा महिना किती दिवसांचा असतो, तेवढं सांगा."

व्यापारी पुढच्या दाराकडे वळला. टोपली रिकामीच परत आली, आणि पुढच्या वर्षीच्या पुरात पूल गेला.

त्यानंतरच्या होळीत व्यापाऱ्याने आपल्या हातांनी टोपली आगीत टाकली. गाव पाहत होता. वाळका बांबू तो, बघता बघता राख झाला. चार वर्षांपूर्वीही एवढाच वेळ लागला असता.

तात्पर्य: अडीअडचणीला चार दिवसांचा कर लोक आपण होऊन देतात; पण ठरल्या दिवशी तो उठवला नाही, तर पुढच्या अडचणीत मागायला तोंड राहत नाही.