वेणुमतीतली सात पाणमांजरे

विषय : कुसुंभनगरच्या वेणुमती नदीतील पाणमांजरांची संख्या.
संदर्भ : विहाराचे भांडार सांभाळणाऱ्या भिक्षू सुजाताने एकच नवे चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, सात दात्यांना 'हे आपण दिलेले' म्हणून दाखविल्याबाबत इतर भिक्षूंची तक्रार.

ही तक्रार शास्त्यांपुढे, म्हणजे भगवान बुद्धांपुढे, आली तेव्हा ते म्हणाले, "भिक्षूंनो, सुजाताने एकाचे सात आजच केलेले नाहीत. त्याची ही सवय जुनी आहे." आणि त्यांनी मागच्या जन्मीची गोष्ट सांगितली, ती अशी.

कुसुंभनगरात सुवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वेणुमती नदीत पाणमांजराच्या जन्माला आला होता. नगर रंगाऱ्यांचे होते. तिथले तांबडे वस्त्र दूरदूरच्या देशांत जाई, आणि ते धुतलेले पाणी नाल्याने नदीत येई. नगराला पाणी पुरवणे, सांडपाणी बाहेर काढणे आणि नदीचे आरोग्य राखणे ही तिन्ही कामे राजाने जलश्रेणी नावाच्या मंडळीकडे सोपवली होती. पहिली दोन कामे श्रेणी मन लावून करी. तिसऱ्यासाठी तिने घाटांवर कण्हेरी लावल्या होत्या.

बोधिसत्त्वाची आई, भावंडे आणि शेजारी एकेक करून त्या पाण्यात संपली होती. पाणमांजरे तिन्हीसांजेला एकमेकांना शीळ घालतात. तोही घाली. समोरच्या दरडीवर आपटून त्याचीच शीळ परत येई, आणि हळूहळू त्याला तेवढ्याचीही सवय झाली.

दर पौर्णिमेला सकाळी श्रेणीची नाव सात घाटांची पाहणी करीत असे. नाव खेमा नावाची नावाडीण वल्हवी. सोमिल नावाचा मोजणीदार काठावर दिसेल ते लिहून घेई. पाणमांजरे लाजून लपू नयेत म्हणून नावेत तळ्यातल्या माशांची टोपली असे आणि प्रत्येक घाटावर एक मासा टाकला जाई. नदीत मासे उरले नसल्याने बोधिसत्त्व पहिल्या घाटापासून सातव्यापर्यंत नावेमागून पोहत येई.

एका पौर्णिमेला सातव्या घाटावर सोमिलाने अहवाल मोठ्याने वाचला, "वेणुमतीत पाणमांजरे एकूण सात. नदी निरोगी आहे."

बोधिसत्त्वाने ते ऐकले आणि तोंडातला मासा गिळायचे विसरला. सात, म्हणजे आपण सोडून आणखी सहा. त्या दिवसापासून तो रोज सातही घाट हिंडू लागला. तळ्यातून येऊन वाट चुकलेला एखादा मासा मिळाला की तो अर्धा खाई आणि अर्धा कुठल्या तरी घाटाच्या पायरीवर ठेवी. दुसऱ्या दिवशी तो तुकडा तिथेच असे. त्याला मुंग्या लागलेल्या असत.

पुढच्या पौर्णिमेला त्याने नावेच्या काठाला पंजे टेकून विचारले, "खेमामावशी, बाकीची सहा कुठे राहतात?"

"कोणती सहा रे?"

"अहवालातली."

खेमाने वल्हे आडवे ठेवले. "अरे बाबा, पहिल्या घाटावर तू, दुसऱ्यावरही तू. टोपली जिथे, तिथे तू. तुझ्या आईने तुला एकदाच जन्माला घातलं. या लिहिणाऱ्याने सात वेळा घातलं."

सोमिल शांतपणे म्हणाला, "नियमात 'दिसेल ते लिहावे' असे आहे. 'ओळखावे' असे नाही."

"आणि तुला ओळखू येत नव्हतं होय?"

"याच्या डाव्या कानाला खाच आहे, हे मला पहिल्याच वर्षी दिसले होते. पण कानाचा रकाना नाही."

त्या संध्याकाळी बोधिसत्त्वाने शीळ घातली नाही, म्हणून समोरच्या दरडीवरूनही काही आले नाही.

इकडे त्या अहवालाच्या आधारावर श्रेणीप्रमुख पुष्पदंताने राजाकडे मागणी केली की, नदी निरोगी असल्यामुळे तिच्यात आणखी एक नाला सोडण्यास हरकत नसावी. हा नाला नगराच्या वर, खडकाच्या डोहात उतरणार होता. वेणुमतीत नितळ पाणी म्हणून तेवढा डोहच उरला होता. बोधिसत्त्व तिथेच राहत असे, आणि त्या डोहाचेच पाणी वरच्या वाडीतली माणसे पीत असत. राजा म्हणाला, "येत्या पौर्णिमेला मी स्वतः ती सात पाणमांजरे पाहीन. मग परवानगी देईन."

पुष्पदंत दुसऱ्याच दिवशी डोहावर आला. येताना त्याने टोपली भरून आणली होती.

"तुझे आमच्यावर फार उपकार आहेत," तो म्हणाला. "पौर्णिमेला नेहमीसारखा सात घाटांवर दिसलास, की झाले. श्रेणीच्या बागेत तुला कुंड बांधून देतो. रोज मासे."

"मला माशांचे तितके वाटत नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

पुष्पदंताला माणसांची पारख होती, आणि ती जनावरांनाही लागू पडे. तो खाली बसला. "एकटा आहेस, हे मला दिसत नाही का? उत्तरेच्या नदीवरून तुझ्या जातीची एक मादी आणवतो. माणसे पाठवलीच आहेत म्हण."

इतक्या वर्षांत बोधिसत्त्वाला कोणी याहून मोठे काही देऊ केले नव्हते, आणि देणारा शब्दाचा पक्का होता.

"तिची पिल्ले कुठे पोहतील?" त्याने विचारले.

"नदीत. आणखी कुठे?"

"मग राहू दे. ज्या पाण्यात मी एकटा उरलो, तिथे दुसऱ्या कोणाला बोलावून काय करू?"

पुष्पदंत टोपली परत घेऊन गेला.

पौर्णिमा आली. पहिल्या घाटावर राजाने स्वतःच्या हाताने मासा टाकला. बोधिसत्त्व वर आला. त्याने मासा घेतला नाही. तो सरळ नावेत चढला, अंग झटकले आणि राजाच्या पायाशी बसला. सोमिलाने लिहिले, 'एक'.

नाव दुसऱ्या घाटाला लागली. पुष्पदंत म्हणाला, "महाराज, इथले पाणमांजर अंमळ लाजरे आहे." सगळ्यांनी घाटाकडे पाहिले. मग सगळ्यांनी राजाच्या पायाशी पाहिले. तिसऱ्या घाटावर पुष्पदंत म्हणाला की आज ऊन आहे. चौथ्यावर तो काही म्हणाला नाही. सोमिलाला नियम ठाऊक होता. दिसेल ते लिहायचे. त्याने आयुष्यात प्रथमच ओळीने सहा शून्ये लिहिली.

"एकूण किती?" राजाने विचारले.

"एक, महाराज."

खेमा म्हणाली, "आणि ते पण पाहुणं म्हणून नावेत."

राजाने नाला नाकारला. सात पाणमांजरांचा जुना अहवाल फाडायला त्याने हात पुढे केला, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, फाडू नका. माझा एक अर्ज आहे. त्यातला सात आकडा तसाच असू द्या. उरलेली सहा आपल्या पायांनी येतील अशी नदी श्रेणीने करावी. तोवर काम थांबू नये."

राजाने अर्ज मान्य केला आणि त्याला स्वतःची एक अट जोडली. सात पाणमांजरे दिसेपर्यंत जलश्रेणीच्या सर्व माणसांनी नाल्याच्या खालचे पाणी प्यावे.

त्यानंतर कामाला वेग आला. नाल्याच्या तोंडाशी पाणी निवळण्यासाठी ओळीने खड्डे खणले गेले, त्यांत लव्हाळे लावले गेले. पुष्पदंत गुडघाभर चिखलात उभा राहून लव्हाळ्याचे गड्डे रोवताना लोकांनी पाहिला. त्याला तहान लागत असे. तिसऱ्या वर्षी पाण्याचा तांबडेपणा गेला. पाचव्या वर्षी दगडांखाली खेकडे आले, मग बारीक मासे आले, माशांमागून बगळे आले. पाणमांजर आले नाही.

माशांची टोपली बंद झाली होती. बोधिसत्त्व आता स्वतः मासे धरी, आणि सवयीने अर्धा तुकडा पायरीवर ठेवी. तिन्हीसांजेला तो सातही घाटांवर एकेक शीळ घाली आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थांबे. खेमा घरी परतताना वल्हे उचलून धरी, आवाज नको म्हणून. असा तो म्हातारा झाला आणि एका हिवाळ्यात, सातव्या घाटावर, देह ठेवून कर्मानुसार पुढे गेला.

ही गोष्ट सांगून शास्त्यांनी मागच्या आणि आताच्या जन्मांचा मेळ घातला. "त्या वेळचा राजा भिक्षू आनंद होता, खेमा नावाडीण भिक्षुणी उत्पलवर्णा होती, श्रेणीप्रमुख पुष्पदंत हा भिक्षू सुजात होता आणि पाणमांजर मी स्वतःच होतो." मोजणीदार कोण, हे कोणी विचारले नाही. त्या जन्मात पूर्ण झाली ती सत्य पारमिता, म्हणजे सत्याचे परिपूर्ण आचरण. स्वतःच्या एकटेपणासाठीही ज्याने खोट्याला साथ दिली नाही, त्याचे ते सत्य.

प्रकरणाची सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. सोमिलाच्या वहीतील अखेरच्या पौर्णिमेची नोंद : पाणी स्वच्छ. मासे आहेत. पाणमांजरे शून्य. सातव्या घाटाच्या पायरीवर अर्धा मासा, मुंग्या लागलेला. अर्जदार हयात नाही. अर्ज प्रलंबित आहे.