मेघकूटाच्या वाटेवर बसलेला हत्ती

पूर्वी तुंबरा नदीच्या काठी रत्नबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मेघकूट डोंगरावरच्या अरण्यात हत्तीच्या योनीत जन्मला होता. लहान असतानाच राजाच्या माणसांनी त्याला पकडून नगरात आणले. त्याच्या अंगाचा रंग पाण्याने भरलेल्या ढगासारखा होता, म्हणून हत्तीशाळेत त्याला मेघनंद म्हणू लागले. सोमिल नावाच्या माहुताने त्याला स्वतःच्या हाताने ऊस भरवून वाढवले. मोठा झाल्यावर त्याच्याइतका बळकट हत्ती राज्यात दुसरा नव्हता, आणि तरी त्याच्या पायाखाली कधी कुत्र्याचे पिल्लूसुद्धा सापडले नाही. डोंगरावर तोडलेली झाडे ओढून नदीकाठी आणायची, हे त्याचे आणि त्याच्या सोबतच्या हत्तींचे काम होते.

आरंभी हे काम थोडे असे. कुणाला घरासाठी आढे हवे असे, कुणाला नांगर, कुणाला गाडीचे चाक. लाकूडतोडे जून झालेले झाड हेरून ठेवत. त्यावर घरटी असली तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबत आणि मगच कुऱ्हाड चालवत. पडलेल्या झाडाच्या जागी उजेड येई, आणि त्या उजेडात पुढच्या वर्षी रोपे डोके वर काढीत.

पुढे रत्नबाहूने शेजारच्या राजाला युद्धात हरवले. आपल्या विजयाला शोभेल असे सगळे काही आता मोठे असावे, असे त्याला वाटू लागले. शस्त्रांना लोखंड हवे म्हणून डोंगराच्या कुशीत भट्ट्या पेटल्या. भट्ट्यांना कोळसा लागे, आणि कोळशासाठी कोवळे झाडही चाले. नदीतून वर आलेल्या व्यापाऱ्यांना नावांसाठी साग हवा होता. राजाच्या मर्जीतल्या सरदारांना उतारावर तिळाची शेती करायची होती. त्यांनी रान पेटवून जमीन मोकळी केली. शिवाय राजाने नवा सभामंडप बांधायला घेतला. या सगळ्यावर विश्रुत नावाचा अमात्य नेमलेला होता. तो काही दुष्ट नव्हता. जो येई त्याचे म्हणणे त्याला रास्त वाटे, आणि प्रत्येकाला तो डोंगराचा एक तुकडा देऊन टाकी.

बोधिसत्त्व ओंडके ओढत होता आणि पाहत होता. कामावरून परतताना हत्ती ज्या झऱ्यावर पाणी पीत, त्याची धार आधी बारीक झाली, मग नुसती ओल राहिली, मग तीही गेली. सावलीतले गवत करपले. हरणांना आणि रानडुकरांना खायला उरले नाही, तेव्हा ती शेतात उतरली, आणि शेतकरी गोफणी घेऊन दिवसभर बांधावर उभे राहू लागले. भर श्रावणातही जिचा तळ दिसे, ती तुंबरा विटेच्या रंगाची वाहू लागली.

बोधिसत्त्व एकांतात सोमिलशी मनुष्यवाणीत बोलत असे. एकदा नदीत अंग घासून घेताना तो म्हणाला, "सोमिला, नदीतून काय वाहते आहे?"

"गढूळ पाणी. दुसरे काय?"

"डोंगर वाहतो आहे. मुळांनी त्याला धरून ठेवले होते. ती मुळे आता उरली नाहीत."

सोमिलने इकडेतिकडे पाहिले. "हळू बोल, बाबा. आपल्या दोघांचेही पोट या लाकडावर आहे."

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस लागून राहिला. मेघकूटाच्या पायथ्याशी वेणुग्राम नावाची वाडी होती, आणि सोमिलची धाकटी बहीण रेणुवती तिथे दिली होती. एका सकाळी उघडा पडलेला उतार सुटला आणि अर्ध्या वाडीवर येऊन बसला. माती उपसायला हत्ती पाठवले गेले. बोधिसत्त्वाने सुळ्यांनी चिखल बाजूला सारला आणि सोंडेने एकेक वासा असा उचलला, की खालच्या माणसाला धक्का लागू नये. रेणुवती एका दाराच्या फळीखाली जिवंत सापडली. तिचा नवरा धनिक तिच्यापासून हातभर अंतरावर होता; तो गेला होता. रेणुवती रडली नाही. ती वरच्या लाल उताराकडे बघत म्हणाली, "दादा, या डोंगराने आमच्या अंगावर कधी खडासुद्धा टाकला नव्हता रे."

बोधिसत्त्वाने ते ऐकले आणि त्याच जागी चिखलात उभे राहून मनाशी निश्चय केला, 'यापुढे या डोंगरावरचे एकही झाड माझ्या बळाने खाली येणार नाही.'

पाऊस सरला. सभामंडपाला मधली मोठी तुळई हवी होती, आणि तेवढी उंच झाडे आता फक्त माथ्यावर उरली होती. तुंबरेचा उगम त्याच झाडीत होता. विश्रुत स्वतः लाकूडतोडे आणि हत्ती घेऊन निघाला. माथ्याच्या अलीकडे दोन कातळांमधून वाट जाते. तिथे एका वेळी एकच हत्ती मावतो. सर्वांत पुढे बोधिसत्त्व होता. तो त्या खिंडीत आला आणि खाली बसला.

"काय झाले? काटा रुतला का?" विश्रुताने विचारले.

सोमिल उतरून पाय तपासू लागला. तेव्हा बोधिसत्त्व सर्वांना ऐकू जाईल अशा मनुष्यवाणीत म्हणाला, "पायाला काही झालेले नाही. मी पुढे येणार नाही, आणि कुऱ्हाडींनाही जाऊ देणार नाही."

लाकूडतोडे मागे सरले. विश्रुत क्षणभर गोंधळला, मग सोमिलवर खेकसला, "बघतोस काय? अंकुश चालव!"

सोमिलने अंकुश उचलला.

"चालव, सोमिला," बोधिसत्त्व म्हणाला. "तुझ्यावर माझा राग नाही. पण मी उठणार नाही."

सोमिलने अंकुश दरीत भिरकावून दिला. "अमात्य, माझ्या बहिणीला यानेच मातीतून काढले. तुम्ही दुसरा माहूत बघा."

शिपायांनी सोमिलला धरून झाडाला बांधले. विश्रुताने दुसऱ्या हत्तींना पुढे आणवले. मेघनंदाला साखळदंडाने ओढून काढायची आज्ञा झाली. पहिली पुढे आली ती एक वयस्कर हत्तीण. तिने बोधिसत्त्वाच्या पाठीला सोंड लावली, थोडा वेळ हुंगले आणि ती त्याच्या मागे खाली बसली. मग तिच्या मागचा बसला, मग त्याच्या मागचा. माहुतांचा आरडाओरडा सगळ्या डोंगरावर घुमत राहिला, पण एकही हत्ती उठला नाही.

वार्ता ऐकून राजा रत्नबाहू आला. घोड्यावरून उतरता उतरता त्याने विचारले, "तू माझा हत्ती आहेस ना?"

"होय, महाराज."

"हा डोंगर माझा आहे ना?"

"महाराज, डोंगर आपला असेल तर त्याला थांबवा. तो रोज थोडा थोडा नदीत उतरतो आहे. राजाज्ञा आहे म्हणून सांगा त्याला. माझ्यावर आज्ञा कशाला खर्च करता?"

राजाचा चेहरा लाल झाला. "एका तडाख्यात तू आम्हा सर्वांना चिरडशील, असे तुला वाटते का?"

"चिरडू शकतो. पण चिरडणार नाही. मी फक्त बसणार आहे."

"मग बस," राजा म्हणाला. "वैरण नाही, पाणी नाही. पाहू किती टिकतोस."

राजाने वाटेवर भाल्यांचा पहारा बसवला आणि तो नगरात परतला. ऊन कडक होते आणि खिंडीत सावली नव्हती. बोधिसत्त्वाच्या कानांच्या कडा फाटल्या, पाठीच्या कातडीला भेगा पडल्या. सोमिल बांधलेल्या जागेवरून त्याच्याशी बोलत राहिला, आणि बोलता बोलता त्याचाही घसा बसला. शिपाई म्हणत, "अरे, ऊठ. एका तुळईसाठी मरतोस कशाला?"

मग एका सकाळी वेणुग्रामच्या बायका डोक्यावर घागरी घेऊन माथ्याकडून खिंडीत आल्या. सर्वांत पुढे रेणुवती होती. शिपायांनी भाले आडवे धरले.

"राजाज्ञा आहे, बाई. मागे फिरा."

"पाणी माझे आहे. मी डोक्यावरून आणले आहे," रेणुवती म्हणाली. "राजाला सांग, धनिकाची विधवा रेणुवती हत्तीला पाणी पाजते आहे. नाव नीट सांग."

ती भाल्याच्या टोकाकडे चालत गेली. शिपायाला ते मागे घ्यावे लागले. तिने घागर बोधिसत्त्वाच्या तोंडात रिती केली आणि मागच्या बाईला वाट करून दिली. बोधिसत्त्वाने बायकांना कातळाच्या कडेने वाट दिली. मग एका बाईने सोमिलच्या तोंडाला ओंजळ लावली, आणि बाकीच्या मागच्या हत्तींकडे गेल्या.

हे कळताच राजा संतापून आला. घागरी अजून फिरत होत्या. "हे पाणी कुठून आणले?" त्याने रेणुवतीला दरडावून विचारले.

"वरून. खालचे सगळे झरे तुमच्या भट्ट्यांनी आणि मंडपाने आटवले. आता वर आहे तेवढाच राहिला. जिथून हत्ती किंवा ओंडका जाणार नाही, अशा पायवाटेने पहाटे निघून वळसा घालून चढतो आम्ही. तो उगमही आटवा, महाराज. मग आम्ही घागरी घेऊन तुमच्या दारात येऊ. तेव्हा काय ओताल?"

राजापुढे असे आजवर कुणी बोलले नव्हते. त्याचा हात तलवारीवर गेला आणि तिथेच राहिला.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, उगम इथून दूर नाही. एकदा वर जाऊन पाहा. एका माणसाला मी वाट देतो. कुऱ्हाडीला नाही." आणि त्याने कातळाकडे अंग आवळून घेतले.

राजा त्या फटीतून एकटाच वर गेला. झाडीत शिरताच त्याचा घाम निवला. पानांच्या कुजलेल्या थरात त्याचे जोडे रुतले आणि जिथे पाऊल पडले तिथे पाणी वर आले. दगडाखालून तुंबरा मनगटाएवढ्या धारेने निघत होती. तो ओणवा होऊन प्यायला. मग त्याने वळून खाली पाहिले. सगळा डोंगर सोललेल्या जनावरासारखा लाल दिसत होता, आणि त्याच्या अंगावर घळी पडल्या होत्या. नगराच्या घाटाच्या खालच्या पायऱ्या गाळात गेल्या होत्या. मेघकूटाच्या सागाच्या नव्या नावा त्याच गाळात कलंडून पडल्या होत्या, कारण त्यांना तरंगायला पाणी नव्हते.

खाली आल्यावर राजाने विश्रुताला विचारले, "हे मला कुणी सांगितले का नाही?"

"महाराज," विश्रुत म्हणाला, "आपण लाकडाविषयीच विचारीत होता."

राजाने वरच्या झाडीकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "सोमिलला सोडा. कुऱ्हाडी खाली न्या."

"पण मंडप छपराविना राहिला तर लोक हसतील!"

"हसू देत."

बोधिसत्त्व लगेच उठला नाही. शेवटची कुऱ्हाड डोंगराखाली गेल्याचे सोमिलने येऊन सांगितले, तेव्हाच तो उठला.

नांगराचे फाळ करणारी एक भट्टी ठेवून बाकीच्या विझवण्यात आल्या. उतारावरची शेते सरदारांकडून काढून घेतली. ते रागावून दरबारात येईनासे झाले. बोधिसत्त्व आणि त्याचे सोबती आता घळींमध्ये दगड रचत, सोंडेने पाणी नेऊन रोपांना घालत. तरी तुटलेला डोंगर लवकर भरून येत नाही. रोपे माणसाच्या खांद्याला लागली तोवर रत्नबाहू म्हातारा होऊन वारला होता. हत्ती ज्यावर पाणी पीत, तो झरा बोधिसत्त्वाच्या हयातीत पुन्हा वाहिला नाही.

रत्नबाहूच्या मुलालाही सभामंडप पुरा करावासा वाटला. त्याची माणसे कुऱ्हाडी घेऊन मेघकूट चढू लागली. बोधिसत्त्वाचे गुडघे तेव्हा वाकत नव्हते. तरी तो खिंडीपर्यंत गेला आणि मोठ्या कष्टाने खाली बसला. केस पांढरे झालेली रेणुवती त्याच्या शेजारी बसली. सोमिल काठी टेकत आला. त्यांच्या मागे सारी वेणुग्राम वाडी येऊन बसली, पोरेबाळे आणि गुरेढोरे घेऊन. आलेल्या माणसांनी ते पाहिले आणि ती आल्या वाटेने परत गेली. पुढे यथाकाल बोधिसत्त्व देह ठेवून आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

ही गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ता, त्यांना म्हणाले, "तेव्हाचा सोमिल म्हणजे आज आपल्या विहाराची दारे उघडणारा वृद्ध भिक्षू. तेव्हाची रेणुवती म्हणजे दुष्काळात राजपुरुषांना न जुमानता संघाला पाणी देणारी उपासिका. मागे बसलेले हत्ती म्हणजे तुम्ही. आणि मेघनंद हत्ती मीच होतो."

एका भिक्षूने विचारले, "भंते, आणि अमात्य विश्रुत?"

शास्ता म्हणाले, "तो अजून पुष्कळ ठिकाणी जन्म घेतो आहे. म्हणून भिक्षूंनो, ही पारमिता, हा बुद्धत्वाकडे नेणारा गुण, अंगी बाणवा. सर्वांच्या हिताचा निश्चय एकदा केला, की भीतीने नाही, तहानेने नाही आणि राजाज्ञेनेही त्यापासून हलायचे नाही. हिचे नाव अधिष्ठान."